गोळ्या चालू आहेत ना?

बँकेत माझी सही जुळेनाशी झाली, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने नम्रपणे दुसरा फॉर्म पुढे केला. म्हणाला, "मॅडम, जरा सावकाश करा." सावकाश केली की हात आणखी थरथरतो, हे त्याला कुठून माहीत असणार? खातं उघडलं तेव्हाची माझी सही एका दमात केलेली, शेवटच्या अक्षराखाली लांब रेघ ओढलेली. आता त्या रेघेला बारीक दाते पडतात. मी त्याला सांगितलं, औषधामुळे हात कापतो, सहीचा नवा नमुना घ्या. त्याने विचारलं, "पार्किन्सन का?" म्हटलं, "नाही, बायपोलर आहे. लिथियम घेते." मागे रांगेत माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील उभे होते. त्यांनी ऐकलं. ऐकू दे.

बायपोलर म्हणजे मन कधी उन्मादाच्या वेगात चढतं, कधी खोल उदासीनतेत उतरतं. ते काबूत ठेवायला लिथियम मी तरुणपणापासून घेते. सोबतीला इतर गोळ्या आल्या आणि गेल्या, लिथियम राहिलं. त्याच्यामुळे माझी शाळेतली नोकरी टिकली, घर टिकलं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी गोळ्या बंद करू नयेत. लिथियम एकाएकी थांबवलं तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. कमी करायचं तर ते डॉक्टरांबरोबर, आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने.

या आजाराविषयी आता मराठीत बरंच लिहिलं-बोललं जातं. गोळ्यांविषयी मात्र दोनच वाक्यं कानावर पडतात. एक दवाखान्यातलं: गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. दुसरं नातेवाइकांचं: कशाला खातेस त्या गोळ्या, त्यांनीच माणूस मंद होतो. पहिलं बरोबर आहे, पण अपुरं. दुसरं चुकीचं आहे, पण त्यात खऱ्याचा एक कण आहे, आणि तो कण कुणी मान्यच करत नाही म्हणून पेशंट हळूहळू दुसऱ्या वाक्याकडे सरकतो. ओपीडीच्या बाकावर नंबरची वाट बघताना मी अनेकांशी बोलले आहे. गोळ्या सोडलेल्यांपैकी बहुतेकांना आपला आजार मान्य होता. त्यांचं म्हणणं साधं असायचं. सकाळी उठवत नाही, कपडे होत नाहीत, तोंडाला कायम कोरड, नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही. आणि हे सांगितल्यावर उत्तर मिळालं होतं, "तिकडे लक्ष देऊ नका."

लक्ष दिलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. गोळ्यांचे त्रास हा उपचाराच्या बाहेरचा किरकोळ भाग नव्हे. वर्षानुवर्षं गोळी घेता येईल की नाही, हे तिथेच ठरतं.

हाताचं सांगते. मांडीवर ठेवला की हात शांत असतो. काही धरलं, लिहायला घेतलं, की बोटांच्या टोकांना बारीक कंप सुटतो. लिथियम घेणाऱ्या कितीतरी जणांना तो असतो. फळ्यावर लिहिताना फारसा अडत नाही, कारण तिथे अख्खा खांदा हलतो. वहीत शेरा लिहिताना अडतो. हळदीकुंकवाला कपबशी हातात आली की बशीवर कप वाजू लागतो आणि शेजारच्या बायका बोलायच्या थांबतात. आमच्या सासूबाई मला घरी चहा पेल्यात देऊ लागल्या, कारण न विचारता, काही न बोलता. डॉक्टर मॅडमनी आधी रक्तातलं लिथियम पाहिलं, मग प्रोप्रॅनोलोलची लहान गोळी दिली. ती मुळात रक्तदाबाची आणि हृदयाची. दमा असणाऱ्यांना चालत नाही, मला चालली. पेपर तपासायच्या दिवसांत तिचा खरा उपयोग होतो.

चहाने कंप वाढतो म्हणून तो एकदम सोडावा असं कुणालाही वाटेल. त्यालाही हिशेब आहे. चहा-कॉफीतल्या कॅफीनमुळे लघवीवाटे लिथियम जरा जास्त बाहेर पडतं. रोज चार-पाच कप पिणाऱ्याने ते एका दिवसात बंद केले, तर रक्तातलं लिथियम वर चढू शकतं. मी मॅडमना सांगून हळूहळू दोन कपांवर आले. चहासारख्या गोष्टीवर डॉक्टरांशी बोलायला संकोच वाटतो, पण आपल्याकडे ज्या घरात दिवस चहाने सुरू होतो आणि पाहुणा आला की पुन्हा आधण चढतं, तिथे हे बोलायलाच हवं.

तहान हा त्याहून मोठा विषय. शरीरात पाणी राखायचा निरोप मेंदूकडून एका हार्मोनमार्फत मूत्रपिंडाकडे जातो. लिथियममुळे मूत्रपिंड त्या निरोपाला पुरेसा प्रतिसाद देत नाही. म्हणून लघवी जास्त होते, आणि म्हणून तहान लागते. घरच्यांना हे उलटं वाटतं. "एवढं पाणी पितेस म्हणून रात्री सारखी उठतेस," असं मी कितीदा ऐकलं आहे. पाणी कमी केलं तर लघवी थांबत नाही, अंगातलं पाणी तेवढं आटतं.

आणि आमच्याकडच्या बायकांना पाणी न पिता दिवस काढायची सवय शाळेच्या वयापासूनच लागलेली असते. स्टँडवर जायची सोय नसते, ऑफिसात एकच असतं आणि ते साहेबांच्या केबिनशेजारी, लग्नाच्या कार्यालयात रांग. माझ्या कित्येक सहकारी शिक्षिका सकाळी घरातून निघतात त्या संध्याकाळी घरी पोचेपर्यंत घोट-दोन घोटांवर राहतात. लिथियम घेणाऱ्या बाईला हे परवडत नाही. मुख्याध्यापकांकडे मी हलकं वेळापत्रक मागितलं नाही. मागितली ती तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहाची किल्ली, आणि दोन तासांच्या मधली पाच मिनिटं. सांगलीहून पुण्याला जायचं तर एसटीऐवजी रेल्वेने जाते, डब्यात सोय असते म्हणून. दिवसात विभागलेल्या गोळ्या मॅडमनी एकत्र करून रात्रीच्या एकाच वेळेवर आणल्या, त्यानेही लघवीचा त्रास बराच उतरला. ही युक्ती सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, पण विचारायला हवी.

पाण्याबरोबर मीठ येतं. रसायनशास्त्राच्या तक्त्यात लिथियम आणि सोडियम एकाच रांगेत, एकाखाली एक असतात, आणि मूत्रपिंडही त्यांच्यात फारसा फरक करत नाही. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड सोडियम परत खेचून घेतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही. गोळी तेवढीच, पण रक्तात साठा वाढतो. एप्रिल-मेचं ऊन, जुलाब-उलट्या, ताप, रक्तदाब वाढला म्हणून एकदम अळणी सुरू करणं, निर्जळी उपास, सगळ्याचा परिणाम एकच. आमच्या घरी हरतालिका कडक असते, पाण्याचा थेंब नाही. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मला पाण्याशिवाय राहायचं नाही. नुसतं आजारपण म्हणून नव्हे, ह्या गोळीने विषबाधा होऊ शकते." त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तू पाणी पी आणि पूजेला बस. निर्जळी मी धरते तुझ्या वाटची." त्यांचं वय बघता तेही मला पटलं नव्हतं, पण त्या बाईने माझी गोळी व्रताच्या बरोबरीने धरली, हे मी विसरणार नाही.

दुखण्यावरच्या गोळ्यांचं तर ठळक अक्षरांत लिहायला हवं. कंबर दुखते, दात दुखतो म्हटलं की केमिस्ट स्ट्रिप कापून दोन-चार गोळ्या हातावर ठेवतो. त्यांत डायक्लोफिनॅक असतं, आयबुप्रोफेन असतं. दोन्ही लिथियम वाढवतात. रक्तदाबाच्या काही गोळ्याही वाढवतात. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बहुधा चालतं. दातांच्या डॉक्टरकडे असो की हाडांच्या, मी खुर्चीत बसण्याआधी सांगते की लिथियम चालू आहे. कंप बारीक असतो तोवर ठीक. तो मोठा झाला, हात फडफडू लागले, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी न घेता थेट दवाखाना गाठायचा आणि त्याच दिवशी लेव्हल, म्हणजे रक्तातलं लिथियम, तपासून घ्यायची. हे माझ्या घरात फ्रिजवर लिहून लावलं आहे, मराठीत.

या लेव्हलमागची गोष्ट मला फार उशिरा वाचायला मिळाली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ बंडूरा इथल्या एका रुग्णालयात जॉन केड नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत काढून परतलेले. गिनी पिगांवर प्रयोग करताना लिथियमने ते शांत होतात असं त्यांना दिसलं. मग १९४८ साली त्यांनी ते उन्मादाच्या रुग्णांना दिलं आणि १९४९मध्ये तो निबंध छापला. पहिला रुग्ण पन्नाशीचा होता, निबंधात त्याचं नाव फक्त डब्ल्यू. बी. एवढंच येतं. वर्षानुवर्षं वॉर्डात असलेला तो माणूस काही महिन्यांत घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. पुढे त्याने गोळ्या सोडल्या आणि तो परत भरती झाला. केड यांच्या लिखाणात त्याच्यावर हलगर्जीचा ठपका आहे. १९५० साली तो लिथियमच्याच विषबाधेने गेला. तेव्हा रक्तातलं लिथियम मोजायची पद्धतच रुळलेली नव्हती. पुढच्याच वर्षी मेलबर्न विद्यापीठातल्या ट्राउटनर आणि त्यांच्या सहकाऱ्याने शंभरावर रुग्णांमध्ये ते मोजून मांडलं. डेन्मार्कच्या मोगन्स शाऊ यांनी पुढे या औषधाचा नीट अभ्यास केला आणि त्याला जगभर उभं केलं.

मला राहून राहून डब्ल्यू. बी.विषयी वाटतं. त्या गोळीने त्याला काय होत होतं, हे त्याला कुणी सविस्तर विचारलं असेल का? त्याला हलगर्जी म्हणणं सोपं होतं. आजही फाइलवर पेशंट गोळ्या नीट घेत नाही एवढंच लिहिलं जातं, का घेत नाही ते क्वचित.

माझ्या रिपोर्टवरचा लिथियमचा आकडा मी म्हणून आदराने बघते. नेहमीसाठी साधारण ०.६ ते ०.८, तीव्र उन्मादात त्याहून थोडा वर, आणि १.५च्या पुढे धोका. इतकी अरुंद पट्टी असलेली औषधं थोडी. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. लॅबमधला मुलगा दर वेळी विचारतो, "उपाशी आहात का?" मी सांगते, उपाशीपोटाचं नाही, बारा तासांचं महत्त्व आहे, रात्री नऊला गोळी घेतली, आता नऊ वाजलेत. त्याच सुईत थायरॉईड आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही होतं. लिथियमने माझं थायरॉईड मंदावलं, म्हणून सकाळी उपाशीपोटी त्याची गोळी, मग अर्ध्या तासाने चहा. एका गोळीसाठी दुसरी गोळी, याचं सुरुवातीला फार वाईट वाटायचं. आता वाटत नाही, कारण थायरॉईड मंद असताना जी मरगळ येत होती ती मी डिप्रेशन समजत होते, आणि ती त्या लहान गोळीने गेली.

वजनाबद्दल थोडक्यात. उन्माद उसळला तेव्हा मला ओलान्झापिन दिलं होतं. त्याने लागणारी भूक नेहमीची नसते. जेवून उठल्यावर अर्ध्या तासात पोट पुन्हा मागतं, रात्री दोनला डबे उघडले जातात. त्या दिवसांत भेटणारा म्हणायचा, "तब्येत छान झाली हं!" या गोळ्या घेणाऱ्यांचं वजन, कंबर, साखर, चरबी सुरुवातीला आणि मग ठरावीक अंतराने मोजली जायला हवी, मोजली जात नसेल तर आपण मागून घ्यावी. माझ्या मॅडमनी उन्माद ओसरल्यावर ते औषध हळूहळू काढलं. ज्यांचं काढता येत नाही त्यांना मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनसारख्या गोळीची मदत मिळू शकते. खादाडपणा म्हणून स्वतःला शिव्या देणाऱ्या मुली मी ओपीडीत बघते, तेव्हा त्यांना जवळ घेऊन सांगावंसं वाटतं की बाळा, हा तुझा स्वभाव नाही.

मुलींचं आणखी एक. उन्मादावरच्या रिस्पेरिडोनसारख्या गोळ्यांनी प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन वाढतं आणि पाळी थांबू शकते, लग्न न झालेल्या मुलीच्या छातीतून दूधही येऊ शकतं. त्या मुलीला घरात काय काय ऐकावं लागत असेल, याची कल्पना करवत नाही. आणि याच आजारावरचं दुसरं एक औषध, व्हॅल्प्रोएट: गरोदरपणात घेतलं तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग येतं, आणि तीस ते चाळीस टक्के मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी दिसतात. आपल्याकडे स्थळ जमवताना आजार लपवला जातो, गोळ्या स्ट्रिपमधून काढून साध्या डबीत भरून सासरी पाठवल्या जातात, आणि सासरच्या डॉक्टरला कुणी काही सांगत नाही. आईबापांची भीती मला कळते. तरी लग्नाआधी त्या मुलीला हे माहीत असलंच पाहिजे, दुसरं कुणी नको, तिला तरी.

आता जे कुठल्याच चिठ्ठीवर छापलेलं नसतं, त्याबद्दल.

मी जोरात हसले, की घरात एक नजर फिरते. शाळेच्या गॅदरिंगसाठी रात्री जागून नाटुकलं बसवलं, की नवरा सहज विचारल्यासारखं विचारतो, "गोळ्या चालू आहेत ना?" दिरांशी जमिनीच्या वाटणीवरून वाद झाला, माझा मुद्दा कागदावर बरोबर होता, तरी जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, गोळी घेतलीत का आज?" त्या एका प्रश्नाने माझा राग, माझा आनंद, माझं बरोबर असणं, सगळं एकदम आजारात जमा होतं. हे गोळ्यांच्या त्रासांत मोडत नाही असं कुणी म्हणेल. मी म्हणते, मोडतं, कारण याच प्रश्नाला कंटाळून माणसं गोळ्या लपवतात, मग सोडतात.

आणि खरी अडचण अशी की कधी कधी मला स्वतःलाही सांगता येत नाही. पूर्वी कविता शिकवताना अंगावर काटा यायचा, तो आता दर वर्षी येत नाही. हे लिथियम, की थायरॉईड, की तीच कविता इतकी वर्षं शिकवून आलेला सराव, की नुसतं वय? उन्मादातला तो वेग, ती दोन तासांच्या झोपेवरची लख्ख जाग, तिची आठवण येते हे मी नाकारत नाही. पण त्याच वेगात मी आईचे दागिने मोडले होते आणि एका परक्या माणसाला पैसे दिले होते, तो वेग मला परत नको. सपाटपणा मात्र वेगळा, आणि तो सहन करायची सक्ती नाही. मॅडमनी एकदा लेव्हल ०.९वरून ०.७वर आणली आणि काही आठवड्यांत मला पुस्तक पुन्हा पुरं वाचवू लागलं. आधी पान संपेपर्यंत वरची ओळ विसरायचे. हे मी सांगितलं नसतं तर त्यांना कळलं नसतं. रिपोर्टच्या हिशेबाने ०.९ काही धोक्यात मोडत नव्हतं.

ओपीडीत मिनिटं मोजकी मिळतात, म्हणून मी वही ठेवते. झोप किती, वजन किती, हात कसा, आणि त्या महिन्यात काय करता आलं नाही. "बरं वाटत नाही" असं सांगितलं तर डॉक्टरच्या हाती काही लागत नाही. "सकाळी दहापर्यंत डोकं जड असतं, पहिला तास शिकवता येत नाही" म्हटलं की रात्रीची क्वेटियापिनची गोळी दहाऐवजी आठला घ्या असं निघतं. मानसिक आरोग्य कायदा २०१७चा, लागू झाला २९ मे २०१८ला. त्याच्या २२व्या कलमात रुग्णाला आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम जाणून घ्यायचा हक्क आहे, तोही त्याला समजेल अशा भाषेत. पूर्वी एका दवाखान्यात मी दुष्परिणाम विचारले, तर "इंटरनेटवर वाचून येता का?" असं ऐकावं लागलं होतं. आज कुणी तसं म्हणालं तर मी कलमाचा आकडा सांगेन. विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे, हे डॉक्टरांनाही पटवावं लागतं, आणि चांगल्या डॉक्टरांना ते पटतं.

गेल्या काही रिपोर्टांत माझं क्रिएटिनिन थोडं थोडं वर सरकलं आहे. दीर्घकाळ लिथियम घेणाऱ्यांपैकी काहींना हे होतं. मॅडमनी नवऱ्याला आणि सासूबाईंनाही आत बोलावून कागदावर दोन्ही रस्ते मांडले. एक, लिथियम ठेवायचं, लेव्हल ०.६च्या आसपास उतरवायची, किडनीच्या डॉक्टरांना दाखवायचं आणि तपासणी वरचेवर करायची. दुसरा, काही महिन्यांत सावकाश लिथियम काढून दुसऱ्या औषधावर जायचं. लॅमोट्रिजिनबद्दल मी विचारलं. त्याने वजन वाढत नाही, पण पुरळावर लक्ष ठेवत डोस अगदी हळू वाढवावा लागतो, आणि ते उदासीनतेला जितकं रोखतं तितकं उन्मादाला नाही. माझा आजार उन्मादाकडे झुकणारा. सासूबाईंनी मॅडमना विचारलं, "किडनी जाईल का हिची?" मॅडम म्हणाल्या, "आज तसं दिसत नाही. दिसायच्या आत आपल्याला कळावं म्हणून तर बघतोय."

सध्या पहिला रस्ता धरला आहे. रात्रीची एक गोळी कमी झाली, हातही जरा निवला. डोस उतरवताना आजार डोकं वर काढू शकतो, म्हणून घरात बोलणं करून ठेवलं आहे. माझी झोप सलग दोन-तीन रात्री कमी झाली, बोलणं वाढलं, खरेदी वाढली, तर "गोळ्या चालू आहेत ना" असं मला विचारत बसायचं नाही, सरळ मॅडमना फोन करायचा. माझी अट एकच आहे. फोन करायच्या आधी मला सांगायचं की करतोय, आणि माझ्यासमोर करायचा.